घड्याळातला चतुर्थीचा चंद्र

आमच्या दाजींना उभ्या आयुष्यात कुणी शिवी दिली नव्हती. हे मी कौतुकानं सांगत नाहीय. एका गणपतीत त्यांना शिवी हवी होती, अगदी निकडीनं हवी होती, आणि सगळ्या शुक्रवार पेठेत ती त्यांना कुणी देईना, म्हणून सांगतेय.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, प्रेमलाअक्काचे यजमान. नाव यज्ञेश्वर. सोलापुरातल्या एका सरकारी कचेरीत कारकून. मी तेव्हा मुलींच्या शाळेत मास्तरीण होते आणि अक्काकडंच राहत होते, त्यामुळं हा तमाशा मी अगदी पुढं बसून पाहिलाय. माणूस कसा, तर दारात आलेल्या कुत्र्यालासुद्धा "जा बरं आता, उशीर झाला" असं म्हणणारा. भाजीवालीनं मापात मारलं तर "तिचा हात दुखत असेल" म्हणून वर आणखी दोन वांगी विकत घेणारा. असल्या माणसाला शिवी कोण देणार हो? आणि का देणार?

पण आधी घड्याळाचं सांगते. सारा घोळ त्यानंच घातला.

सत्तावीस सालाच्या आसपास एक गोरा साहेब बदली होऊन विलायतेला निघाला आणि त्याच्या सामानाचा लिलाव झाला. कचेरीतले सगळे गेले. कुणी कपबश्या घेतल्या, कुणी आरामखुर्ची. अक्कानं दाजींना बजावून पाठवलं होतं, "एखादा बरा बंब असला तर बघा, आपल्याला कल्हई टिकत नाही." दाजी संध्याकाळी परत आले ते हातरुमालात काहीतरी गुंडाळून. अक्कानं रुमाल सोडला. आत चांदीचं, झाकणाचं, खिशातलं घड्याळ. तिनं ते उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाली, "आणि यात पाणी कुठं तापवायचं?"

खरं म्हणजे सोलापुरात घड्याळ हवं कशाला? गिरणीचा भोंगा झाला की गाव उठतं, भोंगा झाला की जेवतं, भोंगा झाला की पोरांना हाका मारत सुटतं. पण दाजींच्या घड्याळाला वेळ दाखवणं हे जोडकाम होतं. त्याच्या तबकडीवर एका बारीक खिडकीत वार दिसायचा, तोही इंग्रजीत. एक निळा काटा महिन्याची तारीख दाखवायचा. त्यात गजर होता. बाजूची कळ फिरवून वेळ लावली की खिशातल्या खिशात किणकिणायला लागायचं. आणि सगळ्यांत खाली एक अर्धगोल झरोका होता. त्यात निळं आकाश, सोनेरी चांदण्या आणि नाकडोळे असलेला गुबगुबीत गालांचा चंद्र. हा चंद्र अमावास्येला झरोक्याच्या काठाआड दडायचा आणि पौर्णिमेला अख्खाच्या अख्खा बाहेर येऊन बघायचा.

बाकी घड्याळ मोठं हुशार, पण सगळे महिने एकतीस दिवसांचे असंच ते धरून चालायचं. फेब्रुवारीची तर त्याला गंधवार्ता नव्हती. मग पहिल्या तारखेला अंघोळ करून, धूतवस्त्र नेसून दाजी टाचणीनं त्याची तारीख पुढं सारायचे. अक्का चुलीपुढनं म्हणायची, "तुम्ही घड्याळाला तारीख सांगणार, मग ते तुम्हाला सांगणार. मधल्या मधे घड्याळाचं काय काम?" दाजी हसायचे. एकदा त्यांनी पिठल्यासाठी गजर लावला. पिठलं आधी लागलं आणि गजर मागनं वाजला. त्या दिवशी आम्ही ताकभात जेवलो, पण "पिठल्यानं घाई केली" हे दाजींचं मत काही बदललं नाही.

शेजारी शिवलिंगप्पा राहायचा, घड्याळं दुरुस्त करणारा. घरात कानडी बोलायचा, दुकानात मराठी. त्यानंच तो चंद्र पहिल्यांदा लावून दिला आणि तेव्हाच सांगून ठेवलं, "पंत, हा चंद्र विलायती हाय बघा. सरळ चालतो. आपल्या पंचांगात एखादी तिथी गळते, एखादी दोनदा येते, ते याला समजत नाही. वरचेवर समजूत घालावी लागणार." म्हणजे घड्याळात तृतीया आणि पंचांगात चतुर्थी असलं काही झालं की दाजींना चैन पडत नसे. घरात दोन वडीलधारी भांडल्यावर मधल्या सुनेचं होतं तसं त्यांचं व्हायचं.

आणि दाखवायची हौस किती! वाटेत भेटेल त्याला थांबवून, झाकण उघडून, "बघा, आज अष्टमी. बरोबर अर्धा." लोक बघायचे, माना डोलवायचे आणि पुढच्या खेपेला रस्ता बदलायचे. एकच माणूस असा होता की जो आपणहून मागायचा. तो म्हणजे कोंडीबा.

कोंडीबा कचेरीतला शिपाई. मूळचा वळसंगचा. मिशा अशा की बोलायच्या आधी त्या बाजूला सारायला लागायच्या. छातीवर तांबडा पट्टा आणि पट्ट्यावर पितळी बिल्ला. तो बिल्ला तो रोज सकाळी चिंच आणि राख लावून घासायचा. वळसंगला त्याला नावानं कुणी ओळखत नसे, बिल्लेवाला म्हणूनच ओळखत. कचेरीची कागदांची थैली घेऊन तो आमच्याकडं आला की ओसरीवर टेकायचा आणि म्हणायचा, "साहेब, चंद्र दावा की." दाजींचा चेहरा असा फुलायचा म्हणता! मग एक पगडी आणि एक पटका एकमेकांना टेकवून ते दोघे त्या झरोक्यात बघत बसायचे. "आज लई बारीक झालाय." "अरे, वद्य पक्ष नाही का!" अक्का मला म्हणायची, "लीला, ह्यांना मूलबाळ नाही म्हणून नव्हे, पण ह्यांचा सवंगडी तेवढा शोभतो बघ."

आता त्या गणपतीकडं येते.

गणेशचतुर्थीच्या संध्याकाळी चंद्र बघायचा नसतो. बघितला की चोरीचा खोटा आळ येतो. साक्षात श्रीकृष्णाला चुकलं नाही, स्यमंतक मणी चोरला म्हणून त्याच्यावर बालंट आलंच, तिथं आपण कोण? त्या दिवशी दिवेलागणीला आमची सगळी पेठ खाली माना घालून चालायची. एकमेकांना धडकायची पण वर बघायची नाही.

त्या संध्याकाळी आरतीची तयारी चालली होती. कोंडीबा दूर्वांची जुडी घेऊन आला होता आणि दाजींच्या शेजारी उभा होता. आतून अक्कानं विचारलं, "अहो, किती वाजले?" दाजींनी सवयीनं घड्याळ काढलं, सवयीनं झाकण उघडलं. कोंडीबा सवयीनं वाकला.

झरोक्याच्या काठावरनं चतुर्थीचा चंद्र अर्धा गाल बाहेर काढून दोघांकडं बघत होता.

"आत्ता गं बया!" कोंडीबा म्हणाला. दाजींनी झाकण असं लावलं की देवापुढचा दिवा फडफडला.

मला हसू आवरेना. म्हटलं, "दाजी, काहीतरीच काय! तो पत्र्यावर रंगवलेला चंद्र आहे."

दाजी पांढरेफटक पडले होते. गणपतीकडं बोट दाखवून म्हणाले, "लीला, हा तरी शाडूचाच आहे ना?"

मी मास्तरीण. पण मी दिव्याची वात सारखी करायला लागले. 

कोंडीबाला मात्र काही वाटलं नाही. मिशीतल्या मिशीत हसत म्हणाला, "तुमी कशापायी भेताय साहेब? आमच्यावर तर बिनचंद्राचा बी आळ येतोय की." आणि सकाळच्या प्रसादाची खिरापत घेऊन निघून गेला.

दाजींचं भिणं उगाच नव्हतं, हेही सांगायला हवं. खटल्यातला जप्त माल ठेवायची जी खोली असते, तिची किल्ली त्यांच्या जानव्याला असायची. दागिने, भांडी, काय काय असायचं तिथं. एखाद्यानं नुसतं बोट दाखवलं असतं तरी इतक्या वर्षांची स्वच्छ नोकरी धुळीला मिळाली असती. त्या माणसाजवळ नावाखेरीज होतं काय? 

आरती होताच ते शास्त्रीबुवांकडं धावले. बरोबर मी. शास्त्रीबुवांनी विचारलं, "चंद्र कसा दिसला? कुठं दिसला?" दाजींनी चटकन झाकण उघडून, "हा असा," म्हणून दाखवला.

शास्त्रीबुवांनी बघितला. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की आपणही बघितला. ते जे संतापले! संस्कृतात संतापले. त्यातलं दाजींना निम्मं कळलं, मला तेवढंही नाही. रस्त्यात दाजी विचारत होते, "लीला, ह्या शिव्या होत्या की श्लोक होते?" कारण संतापायच्या आधी बुवांनी उतारा सांगून टाकला होता: मण्याची कथा ऐकायची आणि कुणाच्या तरी घरावर खडा टाकून शिव्या खायच्या. शिव्या पोटभर मिळाल्या की आळ टळतो, असं जुनी माणसं करत आलीत.

कथा अक्कानं मोदक वळता वळता सांगितली. शिव्यांचं काय?

दुसऱ्या दिवशी दाजींनी शिवलिंगप्पाचं घर निवडलं. एक तर त्याच्या घरावर पत्रा, खडा चांगला वाजणार. दुसरं म्हणजे त्याची बायको ईरम्मा. ईरम्माचं तोंड सुटलं की बाळीवेशीपर्यंत ऐकू जायचं, आणि कानडी-मराठी दोन्हीत सुटायचं. दाजींनी कोट घातला, पगडी घातली, आजूबाजूला बघितलं आणि खडा टाकला. पत्रा खणकन वाजला. ईरम्मा पदर खोचून बाहेर आली. "यावनो अवनु! कोण हाय त्यो! हात मोडला त्येचा..." आणि समोर दाजी दिसले.

"अय्यय्य, पंत तुमी? माकड आलंय व्हय पत्र्यावर? मारा की, मारा!" असं म्हणून तिनं अंगणातला चांगला मुठीएवढा दगड उचलून त्यांच्या हातात दिला. "ह्यो घ्या मोठा." वर माकड हाकलल्याबद्दल चार पोळ्या बांधून दिल्या, पुरणाच्या. दाजी पोळ्या घेऊन घरी आले आणि कपाळाला हात लावून बसले.

मग त्यांनी माझ्याकडं मोर्चा वळवला. "लीला, तू मास्तरीण आहेस, तुला सवय असेल. घाल की दोन." मी म्हटलं, "गाढव!" आणि खो खो हसत सुटले. ते म्हणाले, हसत दिलेली चालत नाही. अक्काला विचारलं, तर तिनं कानांवर हात ठेवले. "सणासुदीचं नवऱ्याला शिव्या? जीभ झडेल माझी." एरवी दिवसभर ती त्यांना धारेवर धरायची, पण ते संसारात जमा, शिव्यांत नाही.

त्या दोन दिवसांत दाजींची पार रया गेली. जेवणावरनं मन उडालं. कचेरीतनं निघताना खिसे उलटे करून दाखवायला लागले. लोक म्हणाले, पंतांना काय झालंय? आणि घरी आले की सारखं झाकण उघडून चंद्र बघायचा. तो रोज थोडा थोडा वाढत होता, आणि तो वाढला की ह्यांचा चेहरा उतरायचा. अक्काला ते बघवेना. मला म्हणाली, "एक दिवस मी त्या चंद्राला पाटा-वरवंट्याखाली घालते की नाही बघ." मला वाटलं, रागाचं बोलणं आहे.

महालक्ष्म्यांचा दिवस उजाडला. कुणी गौरी म्हणतात, आमच्याकडं महालक्ष्म्या. पत्र्याच्या दोन पोकळ कोठ्या सकाळीच मांडायच्या, त्यांच्या पोटात गहू-तांदूळ भरायचे, वर करंज्या-लाडू ठेवायचे, लुगडी नेसवायची. मुखवटे तेवढे बाहेर तुळशीपाशी. मुहूर्तावर कुंकवाच्या पावलांवरनं, ताट-पळी वाजवत ते घरात आणायचे आणि कोठ्यांवर बसवायचे. मग तीन दिवस लक्ष्मीला कुणी हलवायचं नाही, धक्का लावायचा नाही. त्या वर्षी मुहूर्त होता दुपारी चारचा. तो चुकू नये म्हणून दाजींनी पहाटे उठल्याबरोबर घड्याळाला किल्ली दिली आणि चारचा गजर लावून ठेवला. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. घड्याळ कोटाच्या खिशात, कोट खुंटीवर, आणि दाजी अंघोळीला.

तेवढ्यात कोंडीबा केळीचे खुंट आणि झेंडू घेऊन आला. ओसरीवर ठेवले, चहा घेतला, "साहेबास्नी सांगा" म्हणाला आणि गेला.

दाजी अंघोळ करून आले. खिशात हात घातला. घड्याळ नाही.

मग काय विचारता! माजघर झालं, फडताळं झाली, उशा झाल्या. दाजी ओल्या पंच्यानं सगळीकडं फिरत होते. अक्का मात्र लक्ष्मीच्या निऱ्या घालत शांतपणे म्हणाली, "घरातलं कुठं जातंय? सण होऊ द्या, सापडेल." तिचा आवाज इतका शांत होता की मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी नारळ खोवत होते, आणि बोटाला विळीची धार लागली होती.

दाजी तसेच कचेरीत गेले. तिथं काय झालं ते मला पुढं कोंडीबानंच सांगितलं. हेडक्लार्कनं गमतीनं विचारलं, "काय पंत, आज तिथी नाही सांगितली?" दाजी म्हणाले, घड्याळ गेलं. "घरातनं? कोण आलं होतं घरी?" दाजी म्हणाले, "घरचीच माणसं. आणि सकाळी कोंडीबा येऊन गेला."

बस. एवढंच बोलले. चोर म्हणाले नाहीत, संशय म्हणाले नाहीत. पण हेडक्लार्कनं कोंडीबाला पुढं बोलावलं, आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "घड्याळ सापडेपर्यंत हा पट्टा इथं राहू दे." कोंडीबानं दाजींकडं बघितलं. दाजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. ते का मिटलं, हे त्यांनी पुष्कळ वर्षांनी अक्काला सांगितलं: त्यांच्या मनात आलं होतं, चला, आळ आला आणि आपल्यावरनं टळला.

चार वाजत आले होते. दाजी घरी येऊन खांबाला टेकून उभे होते. कोठ्या लुगडी नेसून बिनमुखवट्याच्या उभ्या होत्या. अक्कानं तुळशीपासनं मुखवटा उचलला, मी ताट-पळी घेतली, ईरम्मा हळदीकुंकवाला आली होती तिनं पंचारती धरली. आणि दारात बजाबाई उभी राहिली. बजाबाई म्हणजे कोंडीबाची बायको. काटक, उन्हानं रापलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिच्या मागं कोंडीबा. त्याच्या खाकी कोटावर छातीवरनं आडवी एक गडद पट्टी दिसत होती. तेवढ्याच जागेला वर्षानुवर्षं ऊन लागलं नव्हतं.

"थांबा वहिनी," बजाबाई म्हणाली. "लक्षुमी आत जायच्या आदी माझं ऐका. माझा धनी लक्षुमीच्या पायावर हात ठिवून सांगंल का त्येनं घड्याळ घेतलं न्हाय. मग खुशाल सन करा."

"कसलं घेतलं? कोण म्हणतंय?" अक्का म्हणाली.

"तुमचं मालक म्हणत्यात. कचेरीत पट्टा काडून घेतला ह्येंचा."

अक्का दाजींकडं वळली.  "अहो, काय बोललात तुम्ही? अहो, ते घड्याळ तर..."

आणि थोरल्या लक्ष्मीचं पोट वाजायला लागलं.

गव्हाच्या आतनं, लुगड्याच्या आतनं, किण किण किण किण. मी ताट टाकलं. ईरम्मा पंचारतीसकट खाली बसली आणि "लक्ष्मी बोलली, यप्पा, लक्ष्मी बोलली!" म्हणून कपाळ भुईला टेकवून कानडीत काय काय पुटपुटायला लागली. कोंडीबानं पटका काढून हातात घेतला. वाजणं काही थांबेना. चारचा गजर, बरोबर चारला.

अक्कानं मुखवटा माझ्या हातात दिला. लक्ष्मीच्या निऱ्या बाजूला सारल्या, कोपरापर्यंत हात गव्हात खुपसला आणि घड्याळ बाहेर काढलं. अजून वाजतच होतं.

"मी ठेवलं होतं," ती म्हणाली. "तुमच्या डोळ्यांपुढनं तो मेला चंद्र जावा म्हणून. लक्ष्मीच्या पोटात कोण हात घालतंय? संध्याकाळी सांगणार होते. मला काय ठाऊक तुम्ही..." आणि ती रडायलाच लागली.

गजर थांबला.  आणि मग बजाबाईचं तोंड सुटलं.

"आग लागू द्या त्या घड्याळाला! डोळं फुटलं व्हतं काय तुमचं, का काळीज जळून गेलं व्हतं? धा वरसं ह्यो मानूस तुमच्या वसरीवर बसतोय. तुमच्या दारची केळ ह्येनं वाहिली, तुमची थैली ह्येनं वाहिली, आन् तुमी ह्येला चोर केलासा? कुटं फेडाल हे पाप? गप बसलासा म्हनं! मुकं झालासा का? जिभंला तुमच्या लकवा भरला? सोन्यासारका मानूस माझा, दुपारधरनं तोंडात पानी घेतलं न्हाय त्येनं..."

बरंच बोलली. त्यातलं सगळं मला इथं सांगता येणार नाही. ईरम्मा उठून तिला आवरायला गेली, "पुरे गं, पंत हायत ते..." तर दाजी हात जोडून म्हणाले, "नको, ईरम्मा. बोलू दे तिला."

तीन दिवस ज्याच्यासाठी हा माणूस दारोदार हिंडला, ते त्याला पोटभर मिळत होतं. मला वाटलं होतं, शिव्या मिळाल्या की मी हसून हसून लोळेन. हसूच आलं नाही. दाजींच्या डोळ्यांतनं पाणी सरळ मिशांवर उतरत होतं.

बजाबाई दमून थांबली. दाजी कोंडीबाला म्हणाले, "कोंडीबा, चंद्र मी दाखवला आणि आळ तुझ्यावर घातला, तोही मीच."

कोंडीबा खाली बघत म्हणाला, "म्या तवाच म्हणलं व्हतं साहेब. आमच्यावर बिनचंद्राचा बी येतोय." या खेपेला त्याच्या मिशा हसल्या नाहीत.

मुहूर्त टळून गेला होता, पण लक्ष्मी काही दारात ठेवायची नसते. अक्कानं डोळे पुसले, खाली पडलेलं ताट उचललं आणि पळी बजाबाईच्या हातात दिली. "तू वाजव," म्हणाली. बजाबाईनं ते ताट असं बडवलं की त्याला पोचा आला. दाजींचं डोकं समजूनच बडवत असावी. लक्ष्म्या आत आल्या, आणि दाजींनी किती वाजले ते बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन दाजींनी हेडक्लार्कच्या टेबलावरनं पट्टा उचलला. त्यांचा आवाज कधी शेजारच्या टेबलापर्यंत पोचायचा नाही, पण त्या दिवशी म्हणे दारातल्या पक्षकारांनी ऐकला. "घड्याळ घरातच होतं. काल मी गप्प बसलो. तो चोरीपेक्षा मोठा गुन्हा आहे आणि तो माझा आहे." असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं कोंडीबाच्या खांद्यावर पट्टा चढवला. हेडक्लार्क कागद चाळायला लागला. कोंडीबानं एक दिवस न घासलेल्या बिल्ल्याकडं बघितलं आणि तो धोतराच्या सोग्यानं पुसला.

म्हणजे सगळं गोड झालं, असं वाटतंय ना तुम्हाला? कुठलं! कोंडीबा पूर्वीसारखाच यायचा, थैली ठेवायचा, चहा प्यायचा, "येतो साहेब" म्हणून जायचा. पण "चंद्र दावा की" म्हणेना. दसरा गेला, दिवाळी गेली. दाजी उगीचच घड्याळ काढून ओसरीवर बसायचे. झाकण उघडायचे, आज पौर्णिमा हो, असं कुणाला तरी सांगितल्यासारखं म्हणायचे. कोंडीबा पाण्याचा तांब्या खाली ठेवून निघून जायचा. मला दाजींची इतकी दया यायची की काय सांगू. स्वतःच्याच करणीनं त्यांनी सगळ्या सोलापुरातलं आपलं एकुलतं एक गिऱ्हाईक घालवलं होतं.

वर्ष फिरलं. पुन्हा गणेशचतुर्थी. सकाळी कोंडीबा दूर्वा घेऊन आला, तेव्हा दाजी वाटच बघत होते. त्यांनी घड्याळ हातरुमालात गुंडाळलं, तोच लिलावाचा रुमाल, आणि त्याच्यापुढं धरलं.

"आजचा दिवस हे तुझ्याकडं राहू दे. उद्या आण."

कोंडीबानं हात पुढं केला नाही. "माज्याकडं? आन् उद्या काय इपरीत झालं, आळ आला तर?"

"म्हणून तर देतोय," दाजी म्हणाले. "येऊ दे आळ. या खेपेला मी तोंड मिटणार नाही."

 कोंडीबानं पटका सोडला, घड्याळ आत ठेवलं, पटका पुन्हा घट्ट बांधला आणि गेला. अक्का दारामागनं बघत होती. ती म्हणाली, "डोक्यावर घेतलं गं त्यानं."

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. सकाळी सकाळी कोंडीबा आला, बिल्ला लखलखीत. पटका सोडून त्यानं घड्याळ दाजींच्या हातात दिलं. टिकटिक चालू होती.

"किल्ली दिलीस?"

"दिली की. सकाळचीच दिली."

"मग झाकण उघडलं असशील."

"न्हाय साहेब. किल्ली भायरनंच देत्यात, मला का ठावं न्हाय? आमच्या घरात कुनीबी बघितला न्हाय. बजी तर रातभर त्याच्याकडं पाठ करून निजली."

दाजी हसले आणि घड्याळ खिशात ठेवायला लागले. कोंडीबा काही उठेना. ओसरीवर टेकला, मिशा दोन्ही बाजूंना सारल्या, आणि वर्षभरात पहिल्यांदा म्हणाला, "आता दावा की साहेब चंद्र. आज चालतंय."

दाजींनी घड्याळ पुन्हा त्याच्या हातात दिलं, आणि या खेपेला झाकण कोंडीबानं उघडलं.